आधी तुझे पाय दाखव

गुदैबिया, बहारीन
शुक्रवार, १८ ऑक्टोबर २०२४

बाई,

माझा भाचा झैद उद्या गावी निघालाय. त्याच्या बॅगेत तुमच्यासाठी खजुराचा डबा आणि हे पत्र कोंबलंय. डबा चेपलेला निघाला तर त्याचा कान धरा, माझी परवानगी आहे. फोनवर मी नुसतं "सगळं बरं आहे" म्हणते अशी तुमची तक्रार, म्हणून आज बैठक मारून लिहायला बसलेय. आमचे हाशिम विचारतायत, "कुणाला एवढं लांबलचक?" म्हटलं, लांज्याला माझ्या बाईंना. ज्यांनी मला इंजेक्शन द्यायला आणि लोकांच्या उंबऱ्याशी नीट उभं राहायला शिकवलं, त्यांना.

क्लिनिकची ड्युटी आहेच. पण माझं खरं काम शुक्रवारचं. आमच्या गल्लीत चार बिल्डिंगा आहेत, सगळ्यांत आपलीच माणसं: रत्नागिरी-रायगडची, थोडी पुण्या-मुंबईची, बाकी केरळची. सुट्टीच्या दिवशी मी बीपीचं मशीन घेऊन घरोघर फिरते. कुणाची शुगर वाढलीय, कुणी गोळ्या अर्ध्यावर सोडल्यात, सगळं बघते. आणि मुख्य म्हणजे पाय बघते. शुगरवाल्या बायांचे पाय बधिर होतात, खडा टोचला तरी कळत नाही, हे तुम्हाला मी काय सांगायचं!

आता पोटातलं सांगते. गेल्या उन्हाळ्यात मी महिनाभर गावी आले होते ना, तेवढ्या दिवसांत आमच्या शेजारच्या नूरबानोची पायाची करंगळी गेली. चपलेत काहीतरी टोचलं, जखम चिघळली, ती कुणाला बोललीच नाही. म्हणाली, "सुरैयाबाजी येतील तेव्हा दाखवेन." माझी वाट बघत बसली हो ती! मी परत येईपर्यंत हॉस्पिटलात बोट कापून झालं होतं.

तेव्हापासून मी ठरवलंय, आता सुट्टी नाही. अदीबाचे दिवस एप्रिलअखेर भरतायत, पहिलंच बाळंतपण. लेकीला सांगितलं, बेटा, या वर्षी रजा मिळत नाही. फोनवर विषयच बदलला पोरीने. काय करू, बाई? मी गेले आणि पुन्हा कुणाचं काही झालं तर?

तुमची
सुरैया


लांजा
९ नोव्हेंबर २०२४

सुरैया,

खजूर पोचला. डबा चेपला होता, पण भाच्याने इतक्या अदबीने पाया पडून दिला की कान धरायचं राहून गेलं.

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा तुझाच राग आला. नूरबानोचं बोट तू सुट्टीवर गेलीस म्हणून गेलं नाही. तू तिथे असताना दुसऱ्या कुणाला काही शिकवलं नाहीस, म्हणून गेलं. सगळ्यांचे पाय तूच बघायचे, सगळ्यांच्या गोळ्या तूच मोजायच्या, आणि मग म्हणायचं, माझ्यावाचून अडतं. अडणारच! तूच अडवून ठेवलंयस.

रागावू नकोस. हीच चूक मी केलीय. नोकरीच्या पहिल्या गावात मी मास्तरांच्या बायकोला हाताशी धरलं. शिकलेली, अक्षर मोत्यासारखं. वर्षभर तिने सुंदर वह्या लिहिल्या आणि एकही बाई तिच्याकडे फिरकली नाही. गाव जायचं ते पोहे कांडणाऱ्या म्हातारीकडे. मूल रडतंय, तिच्याकडे. सून रुसली, तिच्याकडे. मला कळायला वर्ष लागलं.

तेव्हा तू एक कर. येत्या शुक्रवारी मशीन घरी ठेव आणि नुसतीच बिल्डिंगा फिर. कुणाच्या दाराबाहेर सगळ्यात जास्त चपला दिसतात ते बघ. ती तुझी बाई. तिला तयार कर. पाच महिने आहेत तुझ्याकडे, पुष्कळ झाले.

आणि अदीबाशी खोटं बोललीस का गं तू? नऊ वर्षं एका जागी राबलेल्या नर्सला रजा मिळत नाही, हे मला तरी पटत नाही.

सुनंदा


गुदैबिया
शुक्रवार, १३ डिसेंबर २०२४

बाई,

तुमचं पत्र वाचून दोन दिवस तोंड फुगवून बसले होते. हाशिमना वाटलं त्यांचंच काही चुकलं, बिचाऱ्यांनी न सांगता मासळी आणली.

तुमचं ऐकलं, पण अर्धंच. आधी स्मिताला धरलं. ही पुण्याची, नवरा गुरुप्रसाद इंजिनियर, मुलगी निधी ईसा टाउनच्या शाळेत. स्मिताने असा झकास तक्ता केला, लाल-पिवळ्या-हिरव्या रंगात! तीन शुक्रवार तिच्या हॉलमध्ये पंखा लावून बसलो. बाया किती आल्या? दोन. त्यातली एक लिफ्टमध्ये मजला चुकून आलेली. स्मिता हसून म्हणाली, "सुरैयाताई, मी बोलावलं की लोकांना वाटतं सोसायटीची मीटिंग आहे."

मग चपला मोजायला निघाले. तिसऱ्या बिल्डिंगीत पहिल्या मजल्यावर एका दाराशी पाय ठेवायला जागा नाही. खदिजाखालांचं घर! दापोलीकडच्या, पासष्टीच्या, इथे मुलाकडे पंधरा वर्षं. सकाळी घावणे करून विकतात, दिवसभर घरात बायांचा राबता. कुणाला पासपोर्टची चिंता, कुणाला सासूची. बाई, मी दर शुक्रवारी या दारावरून जात होते आणि खालांना नुसतं "बीपी ठीक आहे" सांगून पुढे पळत होते.

खालांना लिहिता-वाचता येत नाही, पण डोकं असलं तल्लख! मशीनवरचे आकडे आठवड्यात ओळखायला लागल्या. कुठला आकडा दिसला की हेल्थ सेंटरला धाडायचं, ते पाठ. शुगरसाठी बोट टोचायचं नाही, औषध सांगायचं नाही, हेही पक्कं. स्मिता लिहिते, खाला बोलतात. जोडी जमली.

घोडं अडलं ते पायांशी. खाला स्मिताचा पाय बघायला खाली बसल्या, हात पुढे केला, तशी स्मिताने दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले. "अहो खाला, तुम्ही माझ्या आईच्या वयाच्या! माझ्या पायाला हात नका लावू!" वरच्या मजल्यावरची तय्यबा तर "तौबा तौबा" करत किचनमध्ये पळाली. मी बघते तेव्हा चालतं, कारण मी पांढरा कोट घालते. पण वडीलधाऱ्या बाईने आपले पाय धरायचे, हे एकीलाही सहन होईना. आणि पायच बघायचे नाहीत तर मी शिकवलं काय?

काही युक्ती असेल तर कळवा. सध्या मी नवे बूट घेतलेत, दोन नंबर मोठे, ऐसपैस. दिवसभर उभं राहून पाय फार दमतात. बाकी सगळं बरं आहे.

सुरैया


लांजा
५ जानेवारी २०२५

सुरैया,

युक्ती माझ्याकडे नाही. खदिजाबींकडे असेल. त्यांना विचारलंस का? की त्यांनाही नुसतं शिकवतच सुटलीयस? एकदा त्यांच्यासमोर बस आणि सांग, मला अडलंय, तुम्हीच मार्ग काढा.

अदीबा परवा चिपळूणहून येऊन गेली. पोट छान दिसतंय, सूज नाही, मी बघितलं. तुझ्याविषयी एक अक्षर तक्रार नाही तिची, म्हणून जास्त वाईट वाटलं.

आणि दोन नंबर मोठे बूट? दमलेल्या पायाला अर्धा नंबर पुरतो गं. याचं उत्तर मला हवंय.

सुनंदा


गुदैबिया
शुक्रवार, ७ फेब्रुवारी २०२५

बाई, बाई, बाई!

खालांनी मार्ग काढला, आणि असला सोपा की मला माझीच लाज वाटली.

तुम्ही म्हणालात तसं त्यांच्यासमोर बसले आणि कबूल केलं, खाला, मला सुचत नाही. त्या घावण्याचं पीठ ढवळत होत्या. म्हणाल्या, "तर मग पाय कुणी कुणाचा धरायचाच कशाला? ज्याचा त्याने धरावा. आपण नमाजाच्या आधी वुजू करतो, पाच वेळा घोट्यापर्यंत पाय धुतो. धुताना नजर कुठे असते? घड्याळाकडे! त्यातली एक वेळ पायाकडे ठेवायची, खलास."

बस्स! असरच्या, म्हणजे दुपार कलतानाच्या नमाजाची वेळ ठरली, कारण तेव्हा उजेड असतो. बोटांच्या बेचक्यात बघायचं आणि तळवा हातआरशात. खालांनी मुलाला बाजारात पिटाळून वीस छोटे आरसे आणवले. स्मिताने विचारलं, "मग आम्ही?" खाला म्हणाल्या, "तुम्ही देवाला दिवा लावायच्या आधी पाय धुता ना? मग झालं." स्मिताला हे माहीत होतं आणि मलाही. पण सुचलं ते पीठ ढवळणाऱ्या बाईला.

आता शुक्रवारी खालांचा हॉल बघाच तुम्ही. सगळ्या बाया गोलात बसतात, आपापला पाय मांडीवर, आपापला आरसा हातात. आणि खाला दोन्ही हात पाठीमागे बांधून मधून फिरतात, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारख्या. हात म्हणून लावत नाहीत. तय्यबाच्या टाचेच्या भेगेत पू दिसला, तो तय्यबालाच आधी दिसला. दुसऱ्या दिवशी हेल्थ सेंटर, दहा दिवसांत टाच बरी. नूरबानो तर आता नव्या बायांना आपला पाय दाखवते आणि म्हणते, "वाट बघायची नाही, यल्ला, चला, लगेच बोलायचं."

अदीबाचं तुम्ही ओळखलंत. रजा मी मागितलीच नव्हती. बघू, इंशाल्ला. अजून खालांचा हात पुरता बसलेला नाही, मी असलेली बरी.

बूट ड्युटीचेच आहेत, त्यात एवढं काय!

सुरैया


गुदैबिया
शुक्रवार, ७ मार्च २०२५

सुनंदाबाईंना खदिजाचा सलाम.

मी शिकलेली नाय. अक्षर स्मिताचं, बोलणं माझं. तिला सांगितलंय, माझ्या बोलण्याला इस्त्री करायची नाय. तुमचा पत्ता झैदने दिला. सुरैयाला या पत्राचं ठाऊक नाय.

बाई, तुमच्या सुरैयाच्या पायाला जखम हाय. होती म्हणा, आता औषध चालू हाय. पहिलं तेच सांगते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको.

मी दोन महिने बघत होते. बाया माझ्याकडे मोरीत पाय धुतात, दार उघडं. ही जाते तेव्हा कडी लावते. बाहेर येते तर उजवा मोजा ओला, डावा कोरडा. आणि मलमाचा वास. चालताना डावा पाय अंमळ तिरका टेकते. मी म्हटलं, हिला विचारलं तर ही मलाच चार पुस्तकी गोष्टी सांगून गप्प करील. ती नर्स, मी घावणेवाली.

आज असरला बाया बसल्या. मी बोलले, "सुरैया, आधी तुझे पाय दाखव." ती हसली. बोलली, "खाला, मी नर्स आहे, मला कळतं." मी बोलले, "कळतं म्हणून तर लपवतेस गो. आम्हाला लपवायची अक्कल तरी कुठे हाय?" तर चिडली, उठून जायला लागली. मग बाई, मी माझा आरसा उलटा ठेवला. बोलले, "आज सुरैयाचा पाय दिसल्याबिगर माझा दिसायचा नाय." नूरबानोने ठेवला. तय्यबाने ठेवला. मग सगळ्यांनी. सोळा बाया मोजे चढवून गप्प बसल्या. रोजा होता, उन्हं उतरत होती, घरी इफ्तारीचं सगळं पडलं होतं, पण एक बाई हलली नाय.

(इथे स्मिता आपल्या मनाने लिहितेय. मीही हलले नाही. आयुष्यात पहिल्यांदा संपावर बसले.)

मग ती खाली बसली आणि मोजा काढला. अंगठ्याखाली जखम, जुन्या रुपयाएवढी. तिला दुखतच नव्हतं, बाई! शुगर तिला वर्षभर हाय, स्वतःच गोळ्या घेते, हाशिमना पण बोलली नाय. बोलली, "मीच आजारी म्हटल्यावर तुम्ही माझं ऐकाल का?" आणि लहान पोरीसारखी रडली. मी तिचा पाय माझ्या मांडीवर घेतला. कुणाला काय वाटायचं ते वाटो. तिने पण ओढला नाय.

स्मिताच्या गुरुप्रसादने लगेच गाडी काढली. डॉक्टर बोलले, हाड वाचलं, ईदपर्यंत थांबली असती तर अंगठा गेला असता. तीन आठवडे पाय टेकायचा नाय, रोजे बंद. हाशिमनी तिच्या रजेचा अर्ज आजच भरला. जखम भरली की पोरीकडे धाडतो. तुम्ही तिला फोन करून रागवू नका, आम्ही पोटभर रागावलोय.

खदिजा


लांजा
१९ मार्च २०२५

खदिजाबी,

तुमचं पत्र मी वाचलं, मग शेजारणीला बोलावून मोठ्याने वाचून दाखवलं.

मला बुटांवरून संशय आला होता. पण मी इथे, ती तिथे. लांज्यात बसून मी कागदावर प्रश्न विचारणार, आणि ती उत्तर टाळणार. तुम्ही मोजा ओला की कोरडा ते बघितलंत. पस्तीस वर्षं मी हेच काम केलं, नव्या पोरींना शिकवलं, आणि खरं सांगते, त्या हॉलमध्ये मी असते तर तिच्यावर ओरडले असते. आरसा उलटा ठेवायचं मला सुचलं नसतं.

तिला पाठवा. इकडे मी आहे. तिकडच्या बायांची काळजी मी करत नाही, कारण तुम्ही आहात.

तुमची
सुनंदा


चिपळूण
शुक्रवार, २ मे २०२५

बाई,

परवा तुम्ही येऊन नातीला बघून गेलात, तेव्हा घरात इतकी माणसं होती की धड बोलता आलं नाही. पाय भरून आलाय, नवी कातडी गुलाबी दिसते. अदीबा दूध पाजतेय आणि मी तिच्याच पलंगावर बसून हे लिहितेय. खोट्या रजेबद्दल तिची माफी मागितली. म्हणाली, "अम्मी, मला माहीत होतं. ऑफिसवाल्यांना तू एकदाही शिव्या घातल्या नाहीस, तेव्हाच कळलं." माझ्याच पोटची, दुसरं काय!

पण आजचं सांगायला लिहितेय. आज इथे आल्यापासूनचा चौथा शुक्रवार. पहिल्या शुक्रवारी मी स्मिताला पाच वेळा फोन केला. दुसऱ्या शुक्रवारी तीन वेळा. गेल्या आठवड्यात बाळाच्या गडबडीत राहिलं, आणि रात्रभर नूरबानोचं बोट डोळ्यांसमोर. आज मात्र कागदावर प्रश्न लिहून ठेवले: अमकीच्या गोळ्या संपल्या असतील, तमकी उन्हाळ्यात अनवाणी गच्चीवर जाते, नव्या आलेल्या अनुष्काचं बीपी. चांगले तेरा प्रश्न झाले. तिकडे चार वाजायची वेळ साधून बरोबर साडेसहाला फोन लावला.

खालांनीच उचलला. मागे बायांचा कालवा. मी "खाला" म्हणते न म्हणते तोच, "सुरैया? बाळंतीण बरी? बाळ बरं? तुझा पाय? बरं झालं, अल्लाचे उपकार. आता ठेव गो, बाया बसल्यात. नवीन दोघी आल्यात चौथ्या बिल्डिंगीतनं, त्यांना समजवायचं हाय." मी म्हटलं, "खाला, मला थोडं विचारायचं होतं..." तर म्हणाल्या, "उद्या विचार." आणि ठेवलाच!

मी तशीच फोन हातात धरून बसले. वाटलं, आता परत करतील. स्मिता तरी करेल. अर्धा तास झाला, कुणाचा फोन नाही. खोटं कशाला बोलू, आधी टोचलंच जरा. नऊ वर्षं माझ्या नावाने दारं उघडत होती ना.

अदीबा बघत होती. म्हणाली, "काय झालं, अम्मी? तिकडे कुणाचं काही अडलंय? बोलावतायत का तुला?"

म्हटलं, "नाही गं. कुणीच नाही बोलावत."

आणि हे तोंडातून निघालं तसं मला इतकं हलकं वाटलं, बाई, की मी रडायलाच लागले. अदीबा घाबरली, म्हणाली रडू नकोस. मी म्हटलं, रडू दे, आनंदाचं आहे.

तुमची
सुरैया